विलंबाचे मूळ नकाशात

ग्रामीण रुग्णालयाचे बांधकाम रखडले की खापर ठेकेदारावर फुटते; ‘रखडलेली रुग्णालये’ या पत्राचा सूरही तोच आहे. तो अपुरा आहे. ३० खाटांची अशी इमारत म्हणजे नुसते विटा-सिमेंटचे काम नव्हे. ऑक्सिजनची तांब्याची वाहिनी, जनित्राची जोडणी, सांडपाण्याची व्यवस्था, क्ष-किरण कक्षाच्या भिंतींची जाडी हे सारे नकाशातच ठरावे लागते. स्थापत्य आणि विद्युत कामांचे वेळापत्रक जुळले नाही, तर गिलावा झालेली भिंत वाहिनीसाठी पुन्हा फोडावी लागते. खर्च वाढतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेची फाईल फिरत राहते.

घाईचे उद्घाटन हाही उपाय नव्हे; अग्निसुरक्षेची खातरजमा त्याआधी व्हायला हवी. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातील आगीत १० अर्भके दगावली. आगीसंबंधीच्या राज्याच्या २००६ च्या अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैत द्यावा लागतो.

म्हणून आराखड्याच्या पहिल्याच बैठकीला वैद्यकीय अधीक्षक, परिचारिका आणि विद्युत अभियंता हजर असावेत. दिरंगाईबद्दल ठेकेदाराला दंड जरूर व्हावा; पण पदभरतीची आणि यंत्रसामग्री येण्याची तारीख आरोग्य विभागानेही फलकावर लावावी.