डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट पाहू नका

अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते, कोणी चिंचेच्या झाडावरून पडतो, कोणाला बैल उडवतो. रक्त थांबलं, माणूस उठून बसला, चार शब्द बोलला, की आपण म्हणतो, "वाचला बुवा! झोपू द्या, सकाळी बघू." इथेच घात होतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू खातो 20 टक्के. 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त लागतं. मार बसल्यावर आत सूज येते, रक्त साकळतं. कवटी काही फुगत नाही. दाब वाढतो आणि रक्ताची वाट अडते. पुरवठा 20 मिलिलिटरच्या खाली गेला की मेंदूतली वीज मंदावते, 10 च्या आसपास पेशी मरू लागतात. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, पाणी चढत नाही, तसंच हे. वेळेत पुरवठा मिळाला तर ती चालते, उशीर झाला तर वाइंडिंग जळतं. फरक एवढाच, की मेंदूचं वाइंडिंग पुन्हा भरून मिळत नाही.

म्हणून रक्त वाया जाऊ देऊ नका. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेलेल्या गंभीर जखमींत मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. जखमेवर हळद-चुना नको, स्वच्छ फडकं दाबून धरा. हाड आत दबलेलं दिसलं तर मात्र तिथे दाबू नका. पाणी, चहा, दारू काही पाजू नका. बेशुद्ध असेल तर मान आणि पाठ सरळ रेषेत ठेवून कुशीवर वळवा. झटके आले तर कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात चमचा घालू नका. वारंवार उलटी, वाढती गुंगी, अडखळती जीभ, एका डोळ्याची बाहुली मोठी, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी पोहोचत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. नंदुरबारला 2020 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण पाड्यावरून डांबरीपर्यंत झोळीच. झोळीत मान मुडपते. रस्ते व्हायचे तेव्हा होतील. सरपंच, ग्रामसेवकांनी तोवर प्रत्येक पाड्यावर एक सपाट स्ट्रेचर तरी ठेवावं. नाहीच मिळालं तर खाट बरी.

पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून रस्त्यावरच्या जखमीला टाकून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. पोलीस पाटलांनी हे गावात सांगावं. आणि जखमीबरोबर एक चिठ्ठी द्या: मार किती वाजता लागला, शुद्ध केव्हा हरपली, झटके आले का. डॉक्टर आधी हेच विचारतात.