साक्ष मागण्याआधी



आमच्या पॅरिशमध्ये पुढच्या महिन्यात प्रार्थना-मेळावा आहे. मे २०२३ नंतर मणिपूरमध्ये हजारो कुटुंबं बेघर झाली, त्यातलं एक आमच्याकडे येऊन राहिलंय. त्या घरातल्या बाईंनी मेळाव्यात साक्ष द्यावी, प्रभूने आपल्याला कशी शांती दिली ते सांगावं, असं मंडळींनी ठरवून टाकलं आहे. त्यांना विचारलंत का, असं मी म्हटलं. उत्तर आलं, "विचारायचं काय? त्या नाही थोडंच म्हणणार!" मला खुपलं ते हेच. जो आपल्या आसऱ्याला आलाय त्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तर आधी विचारायचं.

मी शहाणपणा शिकवायला बसलेली नाही. ही चूक माझ्या हातून होऊन गेली आहे.

२००८ च्या ऑगस्टात ओडिशातल्या कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. पन्नास हजारांहून जास्त माणसं घरं सोडून आधी रानात आणि मग छावण्यांत गेली. त्यांतली एक बाई पुढच्या वर्षी नवऱ्याबरोबर देवासला आली. त्याला इथल्या कारखान्यात काम लागलं होतं. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. उपवासकाळातल्या एका प्रार्थनासभेत मीच तिचा हात धरून उभं केलं. म्हटलं, "बोल दो ना बेटी, सबको हिम्मत मिलेगी." तिनं माइक हातात घेतला, छताकडे पाहिलं, "सब ठीक है" एवढं म्हणाली आणि बसली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्यानंतर दोन रविवार ती मिस्साला आली नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, "मम्मी रात को सोती नहीं, मैडम."

वळणावर आणलं ते आमच्या एका सिस्टरनी. त्यांनी तिला काही विचारलं नाही. वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री करायचं काम दिलं, दर शनिवारी. ती दुपारी यायची, काम करायची आणि मग रिकाम्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून स्वतःच्या भाषेत जपमाळ म्हणायची. कुणी आलं तर आवाज खाली जायचा. दोन वर्षं असं चाललं. मग एका नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत तिनं एक जादा मेणबत्ती लावली. तिथं तिचं कुणीच पुरलेलं नव्हतं. मी काही विचारलं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. तीच म्हणाली की सासू रानात गेली, मातीसुद्धा नीट देता आली नाही. आणि मग, "अब नींद आ जाती है, मैडमजी." श्रद्धेनं माणूस बरं होतं का असं मला कुणी विचारलं, तर मी याच बाईचं नाव घेईन. पण मनातल्या मनात.

माझा भाऊ कोल्हापूरला नोकरीला होता. त्याच्याकडे गेले असताना महावीर उद्यानातला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला पाठवली. १९४२ मध्ये त्यांतले काही इराणमार्गे सुटले. १९४३ पासून त्यांतली जवळजवळ पाच हजार माणसं कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं, पुरुष फौजेत. वाटेत कुणाचं मूल दगावलेलं, कुणाची आई तिकडेच बर्फात राहिलेली. या बायका कॅथलिक होत्या, पण त्यांना कुणी साक्ष द्यायला उभं केलं नाही. त्यांना बराकी मिळाल्या, मुलांना शाळा, दवाखाना, आणि एक चर्च. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये व्हायची, पण गीतं आणि पापनिवेदन आपल्या भाषेत. जिथून त्या आल्या होत्या तिथं उघडपणे देवाचं नाव घेण्याची सोय नव्हती. इथं रविवार पुन्हा रविवार झाला. जी माणसं इथंच वारली ती कोल्हापुरातच पुरलेली आहेत. पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, छावणी उठली. त्या वेळच्या पुष्कळ मुलांनी आठवणी लिहिल्या त्या पार म्हातारपणी. घाई कुणालाच नव्हती.

(जाता जाता आम्हा देवासकरांसाठी: छावणी चालू असतानाच, १९४७ मध्ये, आपल्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. आणि पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर, जिथं लोक लग्नाचे कपडे घ्यायला जातात, ते हेच.)

आपल्या जिल्ह्यात तर सिस्टर राणी मारिया आहेत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरजवळ बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ती २००२ मध्ये. प्रवचनात या दोन गोष्टी एका दमात सांगतात. मधली सात वर्षं त्या घरानं कशी काढली, ते कुणी सांगत नाही.

साक्षीनं इतरांची श्रद्धा बळकट होते, असं मंडळी म्हणतात. होते, मी नाही म्हणत नाही. पण शोमरोनी बाई विहिरीवरून गावात धावत गेली ती आपणहून. प्रभूनं तिच्याकडे आधी मागितलं ते पाणी. आणि लाझरस चार दिवसांनी कबरीतून बाहेर आला, त्याच्याएवढी मोठी साक्ष कोणाची? शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. प्रभूनं लोकांना सांगितलं ते त्याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडायला.

माझी बहीण धार जिल्ह्यात असते. २०१९ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात निसरपूर गेलं, तेव्हा घर बुडताना बघत उभ्या असलेल्या बायकांपुढे कॅमेरे धरून लोक विचारत होते, "कैसा लग रहा है?" आम्ही दोघी बहिणी तेव्हा किती चिडलो होतो! आता हातात माइक आपला आहे, आणि "प्रभूचं गौरव" असं नाव दिलं की प्रश्न वेगळा होतो असं आपल्याला वाटतं.

मणिपूरच्या बाईंच्या पट्ट्या सध्या कुठल्या आहेत ते मी त्यांनाच विचारलं. मुलीची मार्कशीट घराबरोबर जळाली, दुसरी प्रत मिळत नाही, म्हणून अकरावीचा प्रवेश अडलाय. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. रविवारी त्या गायकवृंदाच्या मागच्या बाकावर बसतात, गात नाहीत, पण ओठ हलतात. गुरुवारी मी त्यांच्याबरोबर मार्कशीटच्या अर्जासाठी जाणार आहे. मंडळातल्या कुणाची गाडी मोकळी असेल तर सांगा, रिक्षा फार मागते. आणि मेळाव्यात वीस मिनिटं रिकामी राहत असतील तर ती मला द्या, मी वळिवड्याची गोष्ट सांगेन. बाई त्यांना हवं तिथं बसतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, देवास