साहेबांना कोण सांगणार?

मुंबईत गोराईच्या खाडीपलीकडचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. एकही खांब नसलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली सुमारे ८००० माणसे ध्यानाला बसू शकतात, आणि तिथे साहेब व शिपाई असा भेद उरत नाही. राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी रजा देते. साहेब स्वतःला ओळखू लागले की हाताखालच्यांना सांभाळून घेतील, असा यामागचा भरवसा असतो. तो अर्धाच खरा आहे.

अर्धा खरा, कारण त्याला दाखला आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी साधनेची सोय केली. साधना आणि कारभार एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसते. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ताशा युरिक यांच्या संशोधनाने दुसरी बाजूही दाखवली आहे. बहुतेकांना वाटते की आपण स्वतःला ओळखतो. कसोटीला उतरतात जेमतेम १० ते १५ टक्के. शिवाय स्वतःच्या मनाची जाण असलेल्याला, लोक आपल्याकडे कसे पाहतात, हेही कळत असेलच असे नाही. त्यासाठी दुसऱ्याने सांगावे लागते, आणि खुर्ची मोठी होत गेली की सांगणारे कमी होतात.

कोणतीही आढावा बैठक पाहा. टेबलाभोवती अधिकारी, भिंतीलगत कनिष्ठ आणि दाराशी फाइल घेऊन उभा असलेला कंत्राटी कर्मचारी. ‘कुणाला काही बोलायचंय?’ हे साहेब मनापासून विचारतात, पण विचारताना घड्याळाकडे बघतात. ते सगळ्यांना दिसते, एका साहेबांना सोडून. गोपनीय अहवालही वरचा खालच्याचा लिहितो; खालच्याचे मत वर जायला वाट नाही.

तशी वाट काढली तर शिस्त बिघडेल, कामचुकार सूड उगवतील, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. म्हणून अशा मतांना गुण देऊ नयेत, ती निनावी आणि एकत्रित असावीत, आणि त्यांवर बढती अडू नये. कार्यालयाला स्वतःचे सगळे दिसत नाही, हे कायद्यानेही मान्य केले आहे: २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की ध्यान ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. खरेच आहे, आणि म्हणूनच सर्वांना सामावून घेण्याचे काम साहेबांच्या साधनेवर सोपवून चालणार नाही. ध्यान करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोन्ही साहेबांविषयी वर्षातून एकदा हाताखालच्यांना विचारावे. पहिला प्रश्न साधा असावा: गेल्या वर्षी तुम्ही साहेबांना ‘नाही’ म्हणालात का, आणि पुढे काय झाले?