गाडी कचरा नेते, नळ बंद करीत नाही

सकाळी कचरागाडीचे गाणे कानावर पडले की आपल्या इंदूरमध्ये घरोघरी ओल्या-सुक्याचे वेगवेगळे डबे बाहेर येतात. 2017 पासून सलग अनेक वर्षे आपल्या शहराने स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला, त्याचे श्रेय गाडीला आहे, तसेच डबे वेगळे करून उंबऱ्याबाहेर आणून ठेवणाऱ्या माणसांनाही आहे. गाडी दारापर्यंत येते, घरात शिरत नाही. माळ्यावरची मोडकी खुर्ची आपण बाहेर काढली नाही तर ती नेत नाही. आणि न्हाणीघरातला नळ वाहता राहिला तर तो बंद करणे हे तिचे कामच नव्हे.

हे आठवायचे कारण म्हणजे गेल्या पालकसभेत निघालेला एक प्रश्न. अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आता सी++ ऐवजी पायथन भाषा आहे. एक पालक म्हणाले, "सर, ही भाषा मेमरीची साफसफाई आपोआप करते म्हणतात. मग मुलांना मेमरी, संदर्भ वगैरे शिकवण्यात तास का घालवता? त्याऐवजी तयार प्रकल्प करून घ्या, गुणही मिळतील." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर सभेत घाईने न देता येथे सविस्तर देत आहे.

आधी आपल्याच प्रयोगशाळेत घडलेली गोष्ट सांगतो. वाचनालयातील जुन्या मराठी पुस्तकांची यादी संगणकावर आणायचे काम अकरावीच्या एका विद्यार्थ्याने आनंदाने अंगावर घेतले. त्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला, फाइल उघडली आणि दोन तास बसून सत्तरएक पुस्तकांची नावे भरली. नोंदी संपल्या. प्रोग्रॅमची खिडकी तशीच उघडी ठेवून त्याने फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. तेवढ्यात घंटा झाली आणि त्याने घाईघाईत संगणकाचे बटण बंद केले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी ती फाइल उघडली, तर आत एक अक्षर नव्हते! मुलगा रडवेला झाला. म्हणाला, "सर, काम झाल्यावर पायथन सगळे आपोआप आवरतो ना?"

मुलाची चूक थोडी, माझी जास्त. फाइल उघडायला मी शिकवले होते. ती बंद करण्याबद्दल एक वाक्य बोलून पुढे गेलो होतो.

झाले काय, ते समजून घेऊ. आपण एक एक ओळ लिहितो, ती लगेच डिस्कवर जात नाही. ती मेमरीत थोडा वेळ साठवली जाते. साठा भरला किंवा फाइल बंद केली की मग सारे डिस्कवर उतरते. आता त्या फाइलला त्याने प्रोग्रॅममध्ये एक नाव दिले होते. नाव म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूला बांधलेली दोरी. यालाच संदर्भ म्हणतात. खिडकी उघडी होती, म्हणजे दोरी बांधलेलीच होती. सफाई करणाऱ्या यंत्रणेचा नियम असा की जिला दोरी आहे तिला हात लावायचा नाही. त्यामुळे फाइल ना आवरली गेली, ना बंद झाली. सत्तर नावे मेमरीतच राहिली आणि वीज जाताच पुसली गेली. यंत्रणेने नियम पाळला. आपल्यालाच तो नियम ठाऊक नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, हा नियम एकदा नीट पाहून ठेवा. एका यादीला तुम्ही दोन नावे दिलीत आणि 'डेल' लिहून एक नाव काढलेत, तर यादी जात नाही. फक्त एक दोरी सुटते. पायथन प्रत्येक वस्तूला किती दोऱ्या आहेत याची मोजदाद ठेवतो. आकडा शून्य झाला की वस्तूची जागा मोकळी. पण समजा, वर्गाला दांडी मारलेल्या दोन मुलांनी परस्परांची हजेरी लावली, तर हजेरीपटावर दोघेही कायम हजर! तसेच दोन वस्तूंनी एकमेकींना दोरी बांधली, तर बाहेर त्यांचे कोणी नसले तरी आकडा शून्य होत नाही. अशा जोड्या हुडकायला 2000 साली आलेल्या पायथन 2.0 मध्ये निराळी यंत्रणा घालावी लागली. दुसरी रीत त्याहून जुनी, जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी योजलेली आणि 1960 च्या लेखात मांडलेली. प्रोग्रॅमच्या हाती आता जी नावे आहेत तेथून निघायचे, दोरी धरून जेथवर पोचता येईल तेथवर खुणा करायच्या आणि बिनखुणेच्या वस्तूंची जागा परत घ्यायची.

दोन्ही रीतींचा प्रश्न एकच: "या वस्तूपर्यंत कोणी पोचू शकते का?" "ही वस्तू कोणाला हवी आहे का?" हा प्रश्न यंत्र विचारत नाही, कारण त्याचे उत्तर केवळ लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

हा फरक किती महाग पडतो, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. 8 ऑक्टोबर 2005 रोजी नेवाडाच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची सुमारे 212 किलोमीटरची स्पर्धा झाली. 23 गाड्या अंतिम फेरीत होत्या. त्यांत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक गाडी होती. तिचा प्रोग्रॅम सी-शार्प या आपोआप सफाई करणाऱ्या भाषेत लिहिलेला होता. वाटेत दिसणारा प्रत्येक अडथळा गाडी यादीत घेई आणि मागे पडला की यादीतून काढून टाकी. विद्यार्थ्यांना वाटले, संपले. पण प्रत्येक अडथळ्याची नोंद आणखी एका ठिकाणी होती, काही बदल झाला तर त्याला कळवण्यासाठी. ती नोंद काढायची राहून गेली. मागे पडलेले झुडूप न् झुडूप गाडीच्या मेमरीत जिवंत राहिले, संगणक मंदावत गेला आणि सुमारे 15 किलोमीटरनंतर गाडीची शर्यत संपली. सफाई यंत्रणा शेवटपर्यंत चालू होती. तिच्या दृष्टीने तो कचराच नव्हता.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सी भाषेत मेमरी हाताने मागावी आणि हातानेच परत करावी लागते. परत करायची राहिली तर ती वाया जाते, दोनदा परत केली तर प्रोग्रॅम कोसळू शकतो आणि परत केल्यावरही वापरत राहिले तर दुसऱ्याच कोणाची माहिती बिघडते. त्या त्रासातून सुटका झाली ही मोठीच सोय आहे. मुलांना पुन्हा त्यात ढकला, असे मी म्हणत नाही. पण ही सोय मेमरीपुरती आहे. उघडलेली फाइल, छपाईयंत्राशी किंवा दूरच्या संगणकाशी जोडलेला दुवा यांना ती पुरत नाही. सफाई कधी होईल याचा भरवसा नसतो आणि मेमरी भरपूर शिल्लक असतानाही फाइलींची मर्यादा संपू शकते.

भाषा घडवणाऱ्यांनाही हे अनुभवाने कळले. जावामध्ये वस्तू मेमरीतून जाण्यापूर्वी तिने निरवानिरव करावी म्हणून 'फायनलाइज' नावाची सोय होती. ती कधी चालेल, किंबहुना चालेल की नाही, याची खात्री नव्हती. अखेर 2017 च्या जावा 9 पासून ती वापरू नये असे अधिकृतपणे सांगण्यात आले. त्याऐवजी जेथे उघडले तेथेच बंद होण्याची जागा ठरवून टाकणारी रचना आली. पायथनमध्ये तिचे नाव 'विथ'. 2006 च्या पायथन 2.5 पासून ती आहे. 'विथ'च्या आत फाइल उघडली की तो भाग संपताच, मध्ये चूक उद्भवली तरीही, फाइल बंद होते. आपल्या त्या विद्यार्थ्याने ही एक ओळ लिहिली असती, तर सत्तर नावे सुखरूप राहिली असती.

म्हणून पालकांना विनंती, हा तास वाया जातो असे समजू नका. तयार प्रकल्पाने गुण मिळतील, पण तो बंद पडेल त्या दिवशी का पडला, हे मुलाला सांगता येणार नाही. विश्वस्त मंडळाला विनंती, आठवड्यातला एक तास संगणकाविना, खडू-फळ्यावर नावे आणि दोऱ्या काढून शिकवण्यासाठी राखून ठेवावा. त्याला पैसा लागत नाही. मी माझ्याकडून एवढे करीन की या वर्षापासून फाइल उघडण्याचा पहिला धडाच 'विथ'ने सुरू होईल.

आणि मुलांनो, प्रोग्रॅम लिहून झाला की स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी काय उघडले, ते कोठे बंद होते? आणि ज्याचे काम संपले, त्याला माझी कोठली दोरी अजून बांधलेली तर नाही?

वाचनालयाची यादी त्या विद्यार्थ्याने पुढच्या शनिवारी येऊन पुन्हा भरली. या वेळी फाइल बंद झाल्याची खात्री करूनच तो उठला.