लेटेस्ट म्हणजे काय रे भाऊ?

"एआय एजंटसाठी कसलं आलंय डॉक्युमेंटेशन? त्याला सगळं कळतं की!" हे वाक्य आमच्या धंद्यातल्या इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता लिहूनच टाकतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. माणसासाठी एक वेळ चार ओळी कमी लिहा, पण यंत्रासाठी लिहिताना हात आखडू नका.

इथे काका-मावशी मंडळीही डोकावतात, म्हणून थोडी प्रस्तावना. (जाणकारांनी हा परिच्छेद गाळावा.) आजकाल कुठलंच सॉफ्टवेअर सगळंच्या सगळं घरी शिजत नाही. चकलीची भाजणी जशी आपण तयार आणतो, तसे तयार तुकडे बाहेरून आणतात. त्यांना पॅकेज म्हणायचं. जावास्क्रिप्टवाल्यांचं दुकान एनपीएम, पायथनवाल्यांचं पायपीआय. प्रत्येक पॅकेजच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहतात. आता कोड लिहायचं काम एजंटकडे सोपवायची पद्धत पडली आहे, पण त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. म्हणजे भिंतीवर गेल्या वर्षीचं कालनिर्णय, आणि त्यात बघून हे महाशय ठणकावून सांगणार, "उद्या संकष्टी!"

यावर उपाय म्हणून छोटी टूल्स निघाली. एजंटने पॅकेजचं नाव द्यायचं, टूल दुकानात चौकशी करून ताजी आवृत्ती सांगणार. कल्पना झकास! माझं भांडण आहे ते त्याच्या वर्णनाशी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला. त्यात प्रत्येक टूलला एक नाव असतं, वर्णन असतं आणि काय माहिती द्यायची त्याचा साचा असतो. टूलच्या पोटातला कोड एजंटसमोर नसतो. टूल कधी वापरायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तो त्या वर्णनावरून ठरवतो. आणि तिथे आपण काय लिहितो? "पॅकेजचं लेटेस्ट व्हर्जन देतं." संपलं!

लेटेस्ट म्हणजे काय रे भाऊ? एनपीएमवर 'लेटेस्ट' ही नुसती एक चिठ्ठी आहे. पॅकेजचा मालक ती हव्या त्या आवृत्तीवर चिकटवू शकतो, सगळ्यात मोठ्या आकड्यावरच असेल असं नाही. पायपीआयवर एखादी आवृत्ती 'यँक' केलेली असते, म्हणजे मांडणीवर आहे पण नव्याने कुणी उचलू नये. बीटा आवृत्ती धरायची की नाही? १.९ मोठं की १.१०? शाळेतल्या गणिताच्या बाई १.९ म्हणतील, आवृत्त्यांच्या हिशेबात १.१० मोठं. टूल यातलं काय धरून चालतं, हे एजंटला कोण सांगणार?

बरं, ताजं ते चांगलं, असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेला मोठं भोक सापडलं. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळं त्याच महिन्यात! तेव्हा आठवड्यापूर्वी साठवून ठेवलेलं उत्तर म्हणजे शिळं उत्तर. मार्च २०२४ मध्ये उलटाच प्रकार. लिनक्सवरच्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या तेव्हाच्या सगळ्यात ताज्या आवृत्त्यांतच चोरदरवाजा निघाला. जुनी वापरणारे वाचले. ८ सप्टेंबर २०२५ला एनपीएमवरच्या चॉक आणि डीबग या पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या काही काळ मांडणीवर होत्या. त्या वेळात एखाद्या टूलने "ही घ्या लेटेस्ट" म्हटलं असतं, तर ते खोटंही ठरलं नसतं!

अशा वेळी अनुभवी माणूस थबकतो. तारीख बघतो, "कालच आलीय, थांबू दोन दिवस" म्हणतो. एजंटला तुम्ही "लेटेस्ट" सांगितलंत की तो बहुधा तीच टाकून मोकळा होतो. म्हणून शंका लिहून द्यावी लागते. कुठल्या दुकानात विचारलं, किती वेळापूर्वी विचारलं, बीटा धरलं का, हे लिहा. टूल काय सांगत नाही तेही लिहा: ही आवृत्ती सुरक्षित आहे का, तुमच्या पायथनवर चालेल का, २ वरून ३ वर उडी मारली तर जुना कोड मोडेल का. 'पॅकेज सापडलं नाही' आणि 'दुकान बंद होतं' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, ती वेगळी द्या. आणि सापडलं नाही तर मिळतंजुळतं नाव अंदाजाने टाकू नये, हे स्पष्ट बजावा. ही मॉडेल्स कधीकधी नसलेल्या पॅकेजांची नावं बेधडक सांगतात. कुणी लबाडाने तेच नाव आधी नोंदवून ठेवलं असेल, तर झालंच कल्याण!

"पण लांब वर्णनाने टोकन खर्च होतात" हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून पानं भरू नका, नेमक्या सहा-सात ओळी लिहा. "मग वर्णन एआयकडूनच लिहून घेऊ" हे मात्र अजिबात पटत नाही. कोड काय करतो ते तो छान लिहील. पण तुम्ही काय करायचं नाही असं ठरवलंत, ते कोडमध्ये कुठून सापडणार?

आणि मावशी, हा फक्त आमच्या धंद्यातला वाद आहे असं समजू नका. बँकेचं ॲप असो की विजेचं बिल भरायची साइट, आत हेच बाहेरून आणलेले तुकडे असतात. ते निवडताना कुणीतरी "हे खरंच घ्यायचं का?" असं विचारायला हवं. आजवर ते माणूस विचारत होता. आता यंत्राने विचारायला हवं असेल, तर ते त्याला आपणच लिहून द्यायचं आहे. सहा-सात ओळींचा तर प्रश्न आहे... तेवढाही कंटाळा?