रूपवर्णन आणि विवेक

इंग्रजी निबंधांत मनुष्याचें रूप वर्णितांना कोशांतील पहिलेंच विशेषण उचलणें योग्य नव्हे. सडपातळ मनुष्यास ‘स्लिम’ म्हटल्यास तो संतोषतो. ‘स्किनी’ म्हटल्यास दुखावतो. देह एकच, दृष्टि मात्र निराळी. ‘होमली’ हा शब्द आपल्याकडील इंग्रजी विवाह-जाहिरातींत गृहकृत्यदक्ष वधूची स्तुति करितो. अमेरिकेंत त्याच शब्दानें रूपहीनता सूचित होते! ‘फेअर’ म्हणजे गौरवर्ण, आणि ‘फेअर’ म्हणजे न्याय्यही. परंतु गोरेपणा हा कांहीं सद्गुण नव्हे. १९७५ सालीं निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नांवांतून तो शब्द अशाच आक्षेपांनंतर २०२० सालीं गाळण्यांत आला. आपल्या मराठींत ‘सावळा’ म्हणतांच विठ्ठलाची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते. ‘डार्क’ या शब्दांत ती माया नाहीं.

म्हणून पेणकरपाड्यांतील विद्यार्थ्यांनो, ज्याचें वर्णन करावयाचें तो समोरच बसला आहे असें समजून शब्द निवडा. पालकांनींही घरांत लेकरांस ‘काळी’, ‘लठ्ठ्या’ अशा हांका मारूं नयेत. लेखणीस विवेक शिकवावयाचा, तर आरंभ घरच्या जिभेपासूनच झाला पाहिजे.