‘काही नाही हो, थोडी मुलं सांभाळते’

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: “तुम्ही काय करता?” पुरुषमंडळींची उत्तरं ठरलेली. आधी कंपनीचं नाव, मग कुठलीशी सिस्टिम. बऱ्याच बायकांचं उत्तरही आता तसंच ठणठणीत असतं. पण एखादी ताई हातातली प्लेट सावरत, आवाज एक पट्टी खाली आणून म्हणते, “काही नाही हो, घरीच असते. थोडी मुलं सांभाळते.” विचारणारा “अच्छा, अच्छा” म्हणतो आणि श्रीखंडाकडे वळतो.

आज आम्हाला त्या “काही नाही हो”बद्दल लिहायचं आहे. वाचक म्हणतील, हा इंजिनिअर माणूस बाळांच्या दुपट्यात कुठे शिरला? तर मंडळी, आमच्या धंद्यात एक साधी कसोटी असते. ज्या कामाला ठरलेलं शिक्षण लागतं, लेखी नियम असतात आणि कोणी येऊन तपासणी करतं, ते काम हलकं नसतं. या कसोटीवर लहान मुलांशी संबंधित दोन कामं आम्ही घासून पाहिली. एक घरी मुलं सांभाळण्याचं, म्हणजे होम डे केअर. दुसरं स्पीच थेरपीतल्या असिस्टंटचं. दोन्ही कामांना आपल्यातल्या हुशार, शिकलेल्या बायकांची गरज आहे आणि दोन्हींचं शिक्षण आपल्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मिळतं. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून इथलंच सांगतो. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपापले नियम बघून घ्यावेत.

आधी मुलं सांभाळण्याचं. कॅलिफोर्नियात स्वतःच्या मुलांखेरीज फक्त एकाच कुटुंबाची मुलं सांभाळायची असतील तर लायसन्स लागत नाही. दोन वेगवेगळ्या घरची मुलं येऊ लागली, की ते हवंच. छोट्या होम डे केअरला सहा मुलांची मर्यादा असते, काही अटींवर आठ. मोठ्याला मदतनीस ठेवून बारा, अटींवर चौदा. छोट्यातल्या त्या सहांत दोन वर्षांखालची बाळं जास्तीत जास्त तीन. शिवाय या हिशोबात आपली स्वतःची दहा वर्षांखालची मुलंही धरली जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

लायसन्ससाठी ओरिएंटेशन करावं लागतं. घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे द्यावे लागतात. तेव्हा भारतातून लांबच्या मुक्कामाला आलेले आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांच्याबद्दलही लायसन्स ऑफिसला आधीच विचारून घ्यावं. टीबीची तपासणी, गोवर आणि डांग्या खोकल्याची लस, आग विझवायचं सिलिंडर, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हे सगळं आलं. आरोग्य आणि सुरक्षिततेचं सुमारे १६ तासांचं शिक्षण असतं. त्यात लहान मुलांचं सीपीआर आणि प्रथमोपचार येतात आणि ते दर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागतात.

आमच्या इंजिनिअर मनाला सगळ्यात भावला तो झोपेचा नियम. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवायचं. पाळण्यात उशी नाही, दुलई नाही, खेळणी नाहीत. आणि दोन वर्षांखालचं मूल झोपलं की दर १५ मिनिटांनी जाऊन बघायचं आणि तसं लिहून ठेवायचं. “पालथं घाल गं, गाढ झोपतं,” म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे विचित्र वाटेल. पण लहान बाळ झोपेतच दगावण्याचा धोका पालथं झोपवल्यानं वाढतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. तेव्हा जी ताई तुमच्या बाळाच्या पाळण्याशी दर पंधरा मिनिटांनी जाऊन वहीत वेळ लिहिते, ती “थोडी मुलं सांभाळते” म्हणाली तर तुम्हीच तिला थांबवा.

या लायसन्सला कॉलेजचं शिक्षण सक्तीचं नाही. मग कॉलेज कशाला? तर लायसन्स मूल सुरक्षित कसं ठेवायचं ते सांगतं. मूल वाढतं कसं, ते बालविकासाच्या वर्गात कळतं. तिथे निरीक्षण नावाचा एक प्रकार शिकवतात. मुलाकडे बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. “हट्टी आहे” असं लिहिलं की मास्तरीण तांबडी रेघ मारते. “ठोकळा मागितला, मिळाला नाही, चार मिनिटं रडला, मग खिडकीशी गेला” असं लिहायचं. आपण घरी आपल्या पोरांबद्दल जी विशेषणं वापरतो, ती आठवून बघा! या विषयाचे १२ युनिट आणि ठरावीक अनुभव असला, तर डे केअर सेंटरमध्ये शिक्षिकेची नोकरीही मिळू शकते. घरापासून सुरुवात करून पुढे जायची वाट त्यामुळे मोकळी राहते.

आता दुसरं काम, बोलण्याचं. स्पीच थेरपिस्ट व्हायला मास्टर्स लागतं, त्यापुढे देखरेखीखालचा अनुभव आणि लायसन्स. त्यांच्या हाताखाली असिस्टंट असतात, त्यांचंही राज्याचं वेगळं लायसन्स असतं. त्यासाठी कम्युनिटी कॉलेजची साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री चालते, आणि त्यात निदान ७० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. आपल्या भागात कोस्टा मेसाचं ऑरेंज कोस्ट कॉलेज, सँटा ॲना कॉलेज, पॅसाडीना सिटी कॉलेज आणि सेरिटोस कॉलेज इथे हा कोर्स आहे. सेरिटोस कॉलेज तर आर्टेशियाच्या आपल्या किराणा दुकानांपासून थोड्याच मैलांवर आहे. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी २०१२ सालापासून युनिटला ४६ डॉलर आहे. म्हणजे ६० युनिटच्या डिग्रीचे २,७६० डॉलर झाले. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. आम्ही आमच्या एम. एस.ला किती मोजले ते इथे लिहीत नाही, बायको हा अंक वाचते.

असिस्टंट करते काय? थेरपिस्टनं मुलाची तपासणी करून आराखडा ठरवलेला असतो. त्याप्रमाणे असिस्टंट मुलाला घेऊन बसते. चित्रं, खेळणी, गोष्टी वापरून तोच आवाज, तोच शब्द पुन्हा पुन्हा काढून घेते, आणि प्रत्येक प्रयत्नापुढे बरोबर की चूक अशी खूण करते. वीसपैकी चौदा बरोबर आले तर ७० टक्के. असे आठवड्यामागून आठवडे आकडे साठतात आणि त्यावरून थेरपिस्ट पुढचं ठरवते. असिस्टंटनं स्वतः निदान करायचं नाही, आराखडा आपल्या मनानं बदलायचा नाही. ही मर्यादा ज्याला नीट समजली, तो या कामात टिकतो.

इथे आपल्या समाजातली एक दुखरी गोष्ट सांगायलाच हवी. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही. घरचे म्हणतात, “याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता.” भारतातून फोनवर सल्ला येतो, “मुलगा आहे, उशिरा बोलेल.” मंडळाच्या कार्यक्रमाला ते कुटुंब हळूहळू येईनासं होतं. आणि कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतं, की घरात मराठी बंद करा, पोराचा गोंधळ होतो आहे. आई-बाप घाबरून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्याशी बोलू लागतात. आजीला तर तेही येत नाही. म्हणजे ज्या मुलाला जास्त बोलणं ऐकायला हवं, त्याच्याच घरातलं बोलणं आटतं.

मंडळी, दोन भाषा ऐकल्यानं मुलाचं बोलणं अडत नाही. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचं यावर एकमत आहे. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. “पाणी”, “बॉल”, “मंमं”, “बाय” हे चार शब्द झाले. इंग्रजीचे दोनच असं म्हणून चालत नाही. “मी जंप केली” म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. आपण मोठी माणसं दिवसभर तेच करतो. पण दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून कुठल्याच भाषेत येत नसतील, तर “बोलेल हळूहळू” म्हणत बसू नये. तो उशीर मराठीमुळे झालेला नसतो, आणि मराठी बंद केल्यानं जातही नाही.

मराठी जाणणारी असिस्टंट इथे सोन्यासारखी ठरते. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू हे दोन वेगळे आवाज आहेत. आपल्याकडे दोहोंना मिळून एकच ‘व’. त्यामुळे आपलं पोर “व्हॅन”चं “वॅन” करत असेल, तर ती घरच्या भाषेची सवय असू शकते. पण तेच मूल मराठीतही “काका”ला “ताता” आणि “गाडी”ला “दादी” म्हणत असेल आणि वय चार-पाच झालं असेल, तर ती गोष्ट वेगळी. हा फरक फक्त इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला ऐकू येणं अवघड. निदान थेरपिस्टच करणार. पण तिच्या कानावर ही बातमी घालायला मराठी कान लागतो. शाळेतली तपासणी शक्य तिथे मुलाच्या घरच्या भाषेतही व्हावी, असं इथला संघराज्याचा कायदाच सांगतो. ते मागायला लाजू नका.

तपासणी कुठे होते? तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कॅलिफोर्नियात ‘अर्ली स्टार्ट’ ही योजना आहे, आणि राज्यातल्या २१ रीजनल सेंटर्समार्फत ती चालते. तपासणी फुकट असते. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आई-बापांनी फोन केला तरी पुरतो. तीन वर्षं पूर्ण झाली की जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टची. तिथे मागणी लेखी द्यावी. लेखी मागणी आली की डिस्ट्रिक्टला साधारण १५ दिवसांत तपासणीचा आराखडा पालकांना द्यावा लागतो, आणि पालकांनी सही केल्यावर ६० दिवसांत तपासणी आणि बैठक. तोंडी विचारलेलं हवेत विरतं, कागदाला मुदत असते.

एक सावधगिरीची सूचना. एच-फोर व्हिसावर कॉलेज शिकता येतं, पण काम करता येत नाही. २०१५ सालच्या नियमाप्रमाणे ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं आहे, त्यांना वर्क परमिट मागता येतं. ते हातात येईपर्यंत घरी पैसे घेऊन मुलं सांभाळणं हेही कामच धरतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या काकूंकडे शेजारची पोरं रोखीनं ठेवणं तर त्यांच्यासाठीच धोक्याचं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा वकिलाला विचारावं. या स्तंभाच्या भरवशावर राहू नये. परमिटची वाट बघायची असेल, तर ती वर्गात बसून बघता येते.

आणि हे काम आपल्याला परकं तरी कुठे आहे? ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेटानं चालवलं. भारत सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं ते मुलांच्या शिक्षणाच्या या कामासाठी. आम्हाला नाही वाटत, त्यांनी कुणाला कधी “काही नाही हो” म्हटलं असेल.

आमचं मंडळाला एक सुचवणं आहे. गणपतीच्या कार्यक्रमात टॅक्स आणि रिटायरमेंटवर भाषण दरवर्षी होतं. एखाद्या वर्षी तासभर या विषयाला द्यावा. ज्यांच्याकडे लायसन्स आहे अशा दोघी-तिघींना मंचावर बसवावं, आणि ज्यांच्या मुलांना थेरपीचा फायदा झाला आहे त्यांनी, इच्छा असेल तर, चार शब्द बोलावेत. एका कुटुंबानं उघड सांगितलं की दहा कुटुंबांची भीड चेपते.

आणि तोवर, जेवणाच्या रांगेत पुढच्या वेळी कोणी “थोडी मुलं सांभाळते” म्हणालं, तर श्रीखंड जरा थांबवा. विचारा, “छोटं लायसन्स की मोठं?” मग बघा, ताईंचा आवाज कसा चढतो ते.